जमा कोणाच्या खाती?

मुलाखतीला निघालेल्या मुलाला आपल्याकडे तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. शर्ट इस्त्रीचा घाल, बस म्हटल्याशिवाय बसू नकोस आणि बोलताना चाचरू नकोस. या तिन्ही गोष्टी मी पाळल्या. शर्ट बाबांनी स्वतः इस्त्री करून दिला होता. 'बसा' म्हटल्यावरच बसलो. चाचरलो तर मुळीच नाही. आणि नेमकी तीच गोष्ट गेला महिनाभर मला बोचते आहे.

वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला पोहोचले की आमच्यात झेरॉक्सचा एक गठ्ठा हातोहात फिरू लागतो. तो मुळात कोणी तयार केला हे कोणालाच ठाऊक नाही. दर वर्षी त्यातील अक्षरे आणखी फिकट होतात आणि श्रद्धा आणखी गडद होते. मुलाखतीत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची 'आदर्श' उत्तरे असा त्यातला मजकूर. सातवा प्रश्न असा आहे : चांगल्या टीम लीडरच्या अंगी कोणते गुण असावेत? उत्तरात पाच गुण दिले आहेत. स्पष्ट बोलणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, वेळेवर निर्णय घेणे, माणूस पाहून काम सोपवणे आणि पाचवा गुण सचोटी. हे सारे मी इंग्रजीतून पाठ केले. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झालेले; त्यामुळे इंग्रजी वाक्य जिभेवर बसेपर्यंत मला ते आरशासमोर म्हणावे लागते. आईला पहिले दोन दिवस वाटले की मी फोनवर कोणाशी तरी भांडतो आहे.

पुस्तकात आम्ही हे शिकलो नव्हतो असे नाही. 'व्यवस्थापनाची तत्त्वे' या विषयात हेन्री फेयॉल भेटला होता. हा फ्रेंच गृहस्थ खाणीवरचा इंजिनिअर. पुढे एका मोठ्या खाण कंपनीचा कारभार त्याने पाहिला आणि १९१६ साली आपली १४ तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यातले शेवटचे तत्त्व संघभावनेचे. नंतर कुर्ट लेविन भेटला. त्याने आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर अमेरिकेत दहा वर्षांच्या मुलांचे गट पाडून एक प्रयोग केला होता. तो १९३९ साली प्रसिद्ध झाला. काही गटांना हुकूम सोडणारा प्रमुख दिला, काहींना सर्वांना विचारून चालणारा, तर काहींना नुसता बसून राहणारा. मुलांनी करायचे काय, तर मुखवटे वगैरे वस्तू तयार करायच्या. हुकूम सोडणारा प्रमुख खोलीबाहेर गेला की त्याच्या गटाचे काम थंडावत असे. विचारून चालणारा बाहेर गेला तरी त्याच्या गटाचे काम चालू राही. परीक्षेत हा प्रश्न १० गुणांना आला होता. मला ८ मिळाले. ते ८ गुण माझ्या गुणपत्रिकेत जमा झाले, माझ्यात झाले नाहीत, हे पुढे दिसेलच.

मुलाखतीची तयारी करून घेणारे आणखी एक सूत्र सांगतात. नुसते गुण मोजून दाखवू नका, प्रसंग सांगा. परिस्थिती काय होती, तुमच्यावर जबाबदारी कोणती होती, तुम्ही काय केले आणि निष्पन्न काय झाले, अशा चार पायऱ्यांनी सांगा. इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की त्याचा 'स्टार' होतो. यात एक धोक्याची सूचनाही असते : 'आम्ही केले, आम्ही केले' असे म्हणत बसू नका, 'मी केले' म्हणा, कारण नोकरी तुम्हाला द्यायची आहे, तुमच्या गटाला नव्हे. हे ऐकताना मला फार पटले होते. आजही ते सर्वस्वी चूक आहे असे मी म्हणणार नाही.

मुलाखत शहरातल्याच दुसऱ्या एका कॉलेजात होती. कर्जाचा व्यवहार करणारी कंपनी होती. आमच्या वर्गातून आम्ही सातजण गेलो होतो. त्यात माझा कन्नड विभागातला मित्रही होता. पहिल्या वर्षापासून आम्ही एका बाकावर बसतो. माझे कन्नड आणि त्याचे मराठी यांत कोणाचे जास्त वाईट यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

माझा नंबर त्याच्या आधी लागला. टेबलामागे एक साहेब आणि एक बाई होत्या. नाव, गाव, टक्केवारी झाल्यावर साहेबांनी सातवा प्रश्न विचारला. मी पाचही गुण क्रमाने म्हटले. बाई थोड्या हसल्या. म्हणाल्या, ''हे तर सगळेच सांगतात. तुम्ही स्वतः कधी एखादा गट सांभाळला आहे का? प्रसंग सांगा.''

मला मनातून आनंदच झाला, कारण प्रसंग तयार होता. गेल्या डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे सात दिवसांचे शिबिर खानापूर तालुक्यातल्या एका गावी झाले होते. तेथे ओढ्यावर रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांचा बंधारा घालायचे काम आमच्याकडे होते. बंधाऱ्याच्या गटाचा प्रमुख मी होतो. ही गोष्ट खरी आहे. सरांनी माझे नाव फळ्यावर लिहिले होते. मी चार पायऱ्यांनी उत्तर दिले. मी जागा निवडली. मी मुलांच्या दोन रांगा केल्या. मी गावकऱ्यांना कामात सामील करून घेतले. सातव्या दिवशी बंधारा पूर्ण झाला आणि पाणी अडले.

बाईंनी विचारले, ''मध्ये काही चुकले का?''

''नाही मॅडम. सर्व काही ठरल्याप्रमाणे झाले.''

त्यांनी कागदावर काहीतरी टिपून घेतले. मी 'थँक यू' म्हणून बाहेर आलो. बाकावर माझा मित्र फाईल मांडीवर घेऊन बसला होता. त्याने डोळ्यांनीच विचारले, काय झाले? मी अंगठा वर केला. तो आत गेला.

आता ठरल्याप्रमाणे खरोखर काय झाले होते ते सांगतो.

बंधाऱ्याची जागा मी निवडली होती हे खरे. ओढा जेथे सर्वांत अरुंद दिसला तेथे मी बोट दाखवले. कमी रुंदी, म्हणजे कमी पोती, म्हणजे कमी खर्च. माझ्यातला वाणिज्याचा विद्यार्थी खूश झाला. माझ्या मित्राने तळाची वाळू पायाने उकरून पाहिली आणि म्हणाला, ''खाली नुसती वाळू आहे की रे. खडक लागंना.'' मी म्हटले, बघू नंतर. काठावर गावातली चार-पाच मंडळी कुतूहलाने उभी होती. मी त्यांना जरा मोठ्याने सांगितले, ''आम्ही इथे बांध घालणार आहोत.'' त्यांनी माना डोलावल्या आणि हाताची घडी घालून ती पाहत राहिली.

दोन दिवस मी रांगेच्या टोकाला उभा राहून हुकूम सोडत होतो. पोती भरा, तोंड शिवा, पुढे द्या, रचा. जेवणाचा हिशेब करायला मी शाळेत गेलो की रांग मोडायची आणि मुले ओढ्यात पाय सोडून बसायची. लेविनसाहेबांचा प्रयोग माझ्या डोळ्यांदेखत चालला होता, पण तेव्हा त्याची आठवण होईल तर शपथ. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओढ्यावर गेलो तो बंधारा मधोमध खचलेला. पाण्याने पोत्यांखालची वाळू काढून नेली होती आणि वरची भिंत त्या पोकळीत बसली होती. ५० मुलांची दोन दिवसांची मेहनत होती ती. कोणी काही बोलले नाही; पण सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी सरांना सांगितले, ''सर, शिवणाऱ्यांनी पोती नीट शिवली नव्हती.'' पोती शिवणाऱ्या मुलींपैकी एकीच्या हाताला दाभण लागून पट्टी बांधलेली होती. ती मान खाली घालून उभी राहिली.

त्यानंतर जे झाले ते माझ्या मित्राने केले. तो काठावर गेला, हाताची घडी घातलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांजवळ उभा राहिला आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, ''आजोबा, आपण कुठं घालू या?''

वाचकहो, या एका शब्दाकडे जरा थांबून पाहा. मी 'आम्ही' म्हटले होते. तो 'आपण' म्हणाला. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत. 'आम्ही'मध्ये ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. इंग्रजीत दोहोंना एकच 'वुई', आणि कन्नडमध्येही 'नावु' एकच. ज्याच्या भाषेत हा भेद नाही त्याला तो बरोबर सापडला. मी मात्र पहिलीपासून मराठी माध्यमात शिकून चुकीचा शब्द उचलला होता.

आजोबांनी घडी सोडली. धोतर खोचले आणि वरच्या अंगाला तीसएक पावले चालत गेले. तेथे ओढा रुंद होता, पण पाण्याखाली सलग खडक होता. ''हितं घाला. माझ्या बापानं हितंच घातलावता,'' ते म्हणाले. मग त्यांच्यामागून त्यांची नातवंडे आली, दोन बैलगाड्या आल्या, काळी चिकण माती आली. खडकावरचा गाळ खरवडून पहिला थर बसवला. वीट जशी सांधा चुकवून रचतात तशी पोती रचली. दोन भिंती घालून मध्ये चिकण माती ठासली. एका बाजूला जादा पाणी जायला सांडवा ठेवला. हे सारे आजोबांचे ज्ञान. माझ्या मित्राचे काम एवढेच की कोणाला काय येते ते विचारायचे आणि त्याला तेथे उभे करायचे. दाभण लागलेल्या मुलीला त्याने थर मोजायला बसवले. पाचव्या दिवशी तो तापाने फणफणला आणि शाळेत पडून राहिला. त्या दिवशी आमच्या हातून सर्वांत जास्त पोती रचली गेली.

मी काय केले? मी पोत्यांचा, सुतळीचा, तांदळाचा आणि रॉकेलऐवजी आणलेल्या गॅसच्या टाकीचा हिशेब ठेवला. तो पैशापर्यंत जुळला. खरे म्हणजे मुलाखतीत सांगण्यासारखी माझी कमाई तेवढीच होती.

परतीच्या बसमध्ये मित्र खिडकीशी बसला होता. म्हणाला, ''मला पण तोच प्रश्न आला. मी शिबिराचंच सांगितलं. दुसरं काय आहे आपल्याकडं?'' माझ्या पोटात गोळा आला. मी विचारले, ''काय सांगितलंस?''

''सांगितलं की, पहिला बांध बसला म्हणून. त्या बाईंनी विचारलं, चूक कुणाची? मी म्हटलं, आमची.''

पुढचे अर्धे अंतर मी गप्प होतो. एकाच टेबलावर, दहा मिनिटांच्या अंतराने, एकाच बंधाऱ्याच्या दोन गोष्टी गेल्या होत्या. एकीत तो खचला होता, एकीत खचलाच नव्हता. आता माझे नाव खोडले जाणार हे मी ओळखले, आणि खरे सांगायचे तर त्यात मला थोडे सुटल्यासारखेही वाटले.

चार दिवसांनी यादी लागली. दुसऱ्या फेरीसाठी माझे नाव होते. त्याचे नव्हते.

असे का झाले हे मला कळलेले नाही. कदाचित त्यांनी दोन उत्तरे ताडून पाहिलीच नसतील. कदाचित त्याचे इंग्रजी अडखळले असेल. मला एवढेच ठाऊक आहे की 'मी, मी' म्हणणारा यादीत होता आणि 'आमची चूक' म्हणणारा नव्हता. मित्राने पाठीवर थाप मारली आणि चहा मागवला. चहा माझ्या घशाखाली उतरेना.

रात्री घरी बाबांना यादीचे सांगितले. बाबा रविवार पेठेतल्या एका घाऊक दुकानात दिवाणजी आहेत. आता तेथे संगणक आला आहे, पण बाबा अजून एक कीर्दवही स्वतःच्या समाधानासाठी लिहितात. मी सारी हकीकत त्यांना सांगितली. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी फक्त विचारले, ''व्यक्तींच्या खात्याचा नियम काय रे?'' मी सवयीने इंग्रजीत म्हटले, डेबिट द रिसीव्हर, क्रेडिट द गिव्हर. ''म्हणजे?'' म्हणजे घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. ''मग तू कोणाच्या जमेची रक्कम कोणाच्या खाती ओढलीस?'' एवढे बोलून ते वही मिटून झोपायला गेले. अकरावीपासून चार वर्षे हा नियम मी हजारदा लिहिला असेन. पण तो माणसांनाही लागतो हे कोणत्याही पेपरात विचारले गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी मित्राला कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर गाठले आणि सांगून टाकले. जागा मी निवडली, रांगा मी केल्या, गावकरी मी जमवले, काहीच चुकले नाही, असे मी सांगितले म्हणून. मला वाटले तो हसून सोडून देईल. तो हसला नाही. बराच वेळ चपलेने पायरीवरचा खडा सरकवत राहिला. मग म्हणाला, ''मला आधी विचारला असतास तर मीच म्हटलो असतो, सांग म्हणून. विचारला नाहीस त्याचं वाईट वाटलं.'' थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, ''आणि त्या पोतं शिवणाऱ्या मुलीला कुणी सांगितलं, तिची चूक नव्हती म्हणून?''

कोणीच सांगितले नव्हते. एक वर्ष होत आले होते. ती आमच्याच कॉलेजात, एक वर्ष मागे शिकते. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला शोधून काढले आणि सांगितले. ती म्हणाली, ''मला ठाऊक होतं. मी प्रत्येक पोतं दोनदा शिवलं होतं.'' एवढेच बोलून ती वर्गात गेली. तिला ठाऊक होते. तरी ती वर्षभर गप्प होती. तिचे गप्प राहणे मला बोलण्यापेक्षा जास्त लागले.

आता सातव्या प्रश्नाचे उत्तर. पुढच्या वर्षी तो झेरॉक्सचा गठ्ठा ज्यांच्या हाती जाईल त्यांच्यासाठी हे लिहितो. ते पाच गुण खोटे नाहीत. फेयॉल आणि लेविनही खोटे नाहीत. 'मी' म्हणा ही सूचनासुद्धा एका अर्थी बरोबर आहे. समोरच्याला खरोखरच तुम्ही काय केले हे जाणून घ्यायचे असते, आणि 'आम्ही'च्या पदराआड काही न करणाराही लपू शकतो. पण 'मी' म्हणायचे तर जमेच्या बाजूला म्हणतो तसे नावेच्या बाजूलाही म्हणावे लागेल. माझा मित्र 'चूक आमची' म्हणाला, ते त्याचे मोठेपण. हिशेबाने ती चूक एकट्या माझ्या नावे होती. मध्ये काय चुकले, असे त्या बाईंनी विचारले तेव्हा त्या मला खड्ड्यात पाडत नव्हत्या. नेतृत्व करायची संधी देत होत्या. तेथे खरे बोलणे हेच त्या क्षणी शक्य असलेले एकमेव नेतृत्व होते. ते मी सोडले आणि सचोटी हा पाचवा गुण तेवढा घडाघडा म्हणून दाखवला.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिचे बोधवाक्य 'नॉट मी, बट यू' असे आहे. मी नव्हे, तुम्ही. शिबिरात रोज सकाळी आम्ही त्या फलकाखाली उभे राहत होतो. आज मला वाटते, 'मी' आणि 'तुम्ही' यांच्या मधला जो शब्द माझ्या मित्राने त्या आजोबांपुढे उच्चारला, तो या बोधवाक्याच्याही एक पाऊल पुढे आहे.

दुसरी फेरी पुढच्या महिन्यात आहे. हा अंक छापून आपल्या हाती पडेल तोवर तिचा निकाल लागलेला असेल. मी जाणार आहे; न जाऊन हिशेब जुळत नाही, ती नुसती पळवाट होते. गेल्यावर सांगायचे ते आरशासमोर म्हणून ठेवले आहे. मी गटाचा प्रमुख होतो. मी जागा चुकीची निवडली. बांध खचला तेव्हा मी दोष दुसऱ्यावर ढकलला. माझ्या एका मित्राने गावाला विचारले आणि गावाने जागा दाखवली. मी हिशेब ठेवला, तो जुळला. एवढी पाच वाक्ये. इंग्रजीत ती मला अजून नीट जमत नाहीत; या वेळी चाचरलो तरी चालेल.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी तो मित्राला वाचून दाखवला. त्याला मराठी बोलता येते, पण वाचायला वेळ लागतो. सगळे ऐकून तो म्हणाला, ''इरली बिडो, असू दे. छाप. फक्त माझं नाव घालू नको.'' मग थोडे थांबून म्हणाला, ''आणि आजोबांची जमा राहिली की. जागा त्यांनी दाखवली, तू म्हणतोस गावानं दाखवली.''

त्याचे बरोबर आहे. ते वाक्य मी दुरुस्त करतो : जागा आजोबांनी दाखवली.